कोलोरॅडोची पहिली पलटण: तिजोरी नाही, मग फौज उभी राहिली कशी?

कापूसकोंड्या

अमेरिकन यादवी युद्ध म्हटलं की आपल्याकडचं लिखाण मुंबईच्या कापसाच्या तेजीवर सुरू होतं आणि १८६५ च्या शेअरबुडीवर संपतं. मला विचारायचंय ते त्या युद्धाच्या पार पश्चिमेकडच्या कोपऱ्याबद्दल. जाणकारांनी खुलासा करावा.

१. कोलोरॅडो टेरिटरी २८ फेब्रुवारी १८६१ ला जन्मली. वस्ती जेमतेम २५ हजार, त्यातले बरेचसे सोन्यामागे आलेले. ते राज्य नव्हतं, केंद्राच्या हाताखालचा प्रदेश होता. तरी त्याच वर्षी तिथे स्वयंसेवकांची अख्खी पायदळ पलटण उभी राहते. अधिकार कुणाचा आणि पैसा कुणाचा?

२. न्यू मेक्सिकोतल्या ग्लोरिएटा खिंडीत २८ मार्च १८६२ ला मैदान दक्षिणेकडून लढणाऱ्या टेक्सासवाल्यांच्या ताब्यात राहिलं. मग माघारी तेच कसे फिरले?

३. 'थर्ड कोलोरॅडो' एका ठिकाणी पायदळ दिसतं, दुसरीकडे घोडदळ. खरं काय? आणि न्यू मेक्सिकोतल्याच वाल्व्हर्देच्या लढाईत टेक्सासच्या भालाईतांना अडवणारी ती हीच पहिली पलटण ना?

वहीखातं

पहिल्याचं उत्तर: पैसा नव्हताच. हुंड्या होत्या.

त्या काळी टेरिटरीचा गव्हर्नर लोक निवडत नसत, राष्ट्राध्यक्ष नेमी. काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी बसे, पण त्याला मत नसे. कारभाराचा खर्च वॉशिंग्टनहून येई. मिलिशियाचा (स्थानिक नागरी फौजेचा) सरसेनापती मात्र गव्हर्नर पदसिद्ध असे. थोडक्यात, माणसं गोळा करायचा हक्क होता, त्यांना जेवू घालायची सोय नव्हती. राज्यांची गोष्ट वेगळी होती. ती आपल्या तिजोरीतून पलटणी उभ्या करत आणि २७ जुलै १८६१ च्या कायद्याने तो खर्च केंद्राकडे मागता येई. कोलोरॅडोकडे आधी खर्च करायलाच काही नव्हतं.

पहिला गव्हर्नर विल्यम गिल्पिन मे १८६१ मध्ये डेन्व्हरला पोचला. दक्षिणेचे समर्थक खाणींच्या वस्त्यांमध्येही होते. मंजुरीची वाट पाहायची तर पत्राच्या जाण्यायेण्यातच आठवडे जायचे. त्याने थेट केंद्रीय ट्रेझरीवर हुंड्या काढल्या, एकूण सुमारे ३,७५,००० डॉलरच्या. लेखी परवानगी नव्हती, तोंडी होती असं तो म्हणत राहिला. डेन्व्हरच्या व्यापाऱ्यांनी त्या कागदांवर धान्य, कापड, लाकूडफाटा, बंदुका, सगळं दिलं.

हुंडी म्हणजे काय ते इथे कुणाला समजवायला नको. काढणारा गिल्पिन, जिच्यावर काढली ती ट्रेझरी, आणि ट्रेझरीने स्वीकारल्याची सही कुठेच नाही. असला कागद हातोहात फिरतोय तोवर पैसा असतो, परत आला की रद्दी. ट्रेझरीने नकार दिल्याची बातमी डेन्व्हरला आली आणि बाजार बसला. ज्यांनी उधारीवर माल दिला तेच गिल्पिनला हटवा म्हणून ओरडू लागले. १८६२ च्या वसंतात त्याची खुर्ची गेली आणि मे महिन्यात जॉन एव्हान्स आला. पलटण ऐन लढाईत होती तेव्हाच तिचा जन्मदाता घरी बसला. पुढे बिलं आणि पावत्या जोडून तपशीलवार हिशेब दिल्यावर पुष्कळशा रकमा फेडल्या गेल्या, पण दरम्यान अनेकांनी आपले कागद पडेल भावाने विकले होते.

आता शिपायाच्या बाजूने पाहा. भरती झाला म्हणजे पगार सुरू, असं नव्हतं. नाव नोंदवणं वेगळं आणि 'मस्टर-इन' वेगळं. कप्तान व्हायचं असलेला माणूस आपल्या भागात फिरून नावं जमवी. त्या काळच्या नियमाने पायदळाच्या एका कंपनीत अधिकारी धरून कमीत कमी ८३ आणि जास्तीत जास्त १०१ माणसं लागत, आणि अशा दहा कंपन्यांची एक पलटण. संख्या भरली की केंद्रीय सैन्याचा अधिकारी येऊन एकेकाला समोर उभा करून नाव वाची, डॉक्टर तपासे, शपथ होई, आणि हजेरीपटाच्या प्रती वर जात. तिथून पुढे तो केंद्राचा शिपाई. पगार महिना १३ डॉलर, दर दोन महिन्यांच्या अखेरीला हजेरी घेऊन वाटायचा. निदान कागदावर.

गाडं अडायचं ते ८३ च्या आकड्यावर. ७० माणसं जमली आणि पुढे कुणी येईना, तर ती ७० अधांतरी. ना पगार, ना घरी जायची मुभा. मग अर्धवट कंपन्या एकमेकींत मिसळायच्या आणि एका कप्तानाचं कप्तानपद जायचं. निम्मी भांडणं या हिशेबातली.

शस्त्रांचंही असंच. गिल्पिनच्या माणसांनी वस्त्यांमध्ये फिरून ज्याच्याकडे जी बंदूक मिळेल ती विकत घेतली. गंज दिसायला मोठा होतो, पण एका कंपनीत चार मापांच्या नळ्या असल्या तर काडतुसांची पेटी फोडून रांगेत सरसकट वाटता येत नाही. ज्याने त्याने आपल्या मापाची गोळी ओतायची. गोळीबार पेटल्यावर शेजाऱ्याकडून उसनं घ्यायची सोय नाही. यादी ठेवताना 'बंदुका इतक्या' एवढंच लिहिणारा कारकून नेहमी फसतो.

सगळं जमून हिवाळ्यात पलटण डेन्व्हरजवळ प्लॅट नदीकाठी कॅम्प वेल्डमध्ये पडून राहिली. पगार नाही, काम नाही, गाव हाकेच्या अंतरावर. कोंबड्या चोरण्यापासून मारामाऱ्यांपर्यंत सगळं झालं. पोशिंद्या गावाला आपलीच फौज नकोशी झाली होती.

खिंडकरी

वहीखात्यांनी हिशेब छान मांडलाय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही हिशेबातच आहे, फक्त तो गाड्यांचा.

आधी पोचले कसे ते बघू. कर्नल जॉन स्लाऊ, पेशाने वकील. लेफ्टनंट कर्नल सॅम्युएल टॅपन. मेजर जॉन चिव्हिंग्टन, मेथडिस्ट धर्मोपदेशक. पलटण २२ फेब्रुवारी १८६२ ला डेन्व्हरहून निघाली आणि रॅटन खिंड ओलांडून १० मार्चच्या सुमारास फोर्ट युनियनला पोचली. अंतर सुमारे ४०० मैल, बर्फ आणि वारा तोंडावर. जागोजागी 'तेरा दिवसांत ४०० मैल' असं छापलेलं असतं. तारखा मोजा, सोळा-सतरा दिवस होतात. तरी दिवसाला चोवीस-पंचवीस मैल पडतात, पायदळाला हे भयंकरच. शेवटच्या टप्प्यात वाल्व्हर्देच्या पराभवाची बातमी आली म्हणून सामान मागे टाकून रात्रंदिवस चालले.

फोर्ट युनियन हे त्या सगळ्या भागाचं कोठार. दक्षिणेच्या जनरल सिब्लीच्या टेक्सास ब्रिगेडला ते हवं होतं, आणि त्यापलीकडे कोलोरॅडोच्या खाणी. सिब्लीकडे रोकड नव्हती आणि त्याच्या बाजूच्या नोटा न्यू मेक्सिकोत कुणी खुशीने घेत नव्हतं. (गिल्पिनच्या हुंड्या आठवल्या ना?) अल्बुकर्की सोडताना युनियनवाल्यांनी, म्हणजे उत्तरेच्या फौजेने, तिथलं कोठार जाळलं होतं. म्हणून टेक्सासवाले जे काही खात होते ते त्यांच्या गाड्यांवर होतं.

फोर्टवर आणखी एक गंमत. तिथला प्रमुख गॅब्रिएल पॉल वेस्ट पॉइंटचा शिकलेला पक्का शिपाई. पण स्लाऊची कर्नलची सनद त्याच्या सनदेआधीची, म्हणून हुकूम वकिलाचा. न्यू मेक्सिकोतल्या उत्तरेच्या फौजेचा सेनापती कॅनबी, त्याचा निरोप होता की शत्रूला सतावा, पण फोर्ट धोक्यात घालू नका. स्लाऊने पहिला अर्धा वाचला आणि २२ मार्चला १,३४२ माणसं घेऊन बाहेर पडला. त्यात पहिली कोलोरॅडो पलटण मुख्य, शिवाय फोर्डची स्वतंत्र कंपनी, नियमित पायदळ आणि घोडदळ, दोन तोफखाने. एका तोफखान्यात बारा पौंडी चार डोंगरी तोफा होत्या. यांची नळी २२० पौंडांची, खेचराच्या पाठीवर चढते. मारा हजार यार्डांच्या आसपास.

नकाशा असा धरा. सांता फेहून पूर्वेला जाणारा गाडीरस्ता खिंडीतून जातो. पश्चिम तोंडाशी जॉन्सन रँच, मग अपाचे कॅन्यन, मध्ये पिजन्स रँच, पूर्वेला कोझलोव्स्की रँच. तिन्ही रँच म्हणजे वाटेवरचे मुक्काम. पाणी तिथे, म्हणून सैन्यंही तिथेच.

२६ मार्चला चिव्हिंग्टन ४१८ माणसं घेऊन पुढे गेला आणि पायरनच्या टेक्सास तुकडीला अपाचे कॅन्यनमध्ये भिडला. पायरनकडे दोन तोफा, याच्याकडे एकही नाही. याने रस्ता सोडून पायदळ दोन्ही बाजूंच्या उतारांवर चढवलं. तोफांना तेवढ्या उंचीवर मारा जमेना. पायरन मागे सरला, पूल मोडून नाल्यामागे उभा राहिला. परत तेच केलं, आणि खालून कुकची घोडेस्वार कंपनी नाला उडी मारून ओलांडत तोफांवर गेली. सत्तरच्या आसपास कैदी हाती लागले. खाणकामगारांना चढणीवर दम लागत नाही, हा त्या दिवसाचा खरा फायदा.

२८ ला स्लाऊने फौज फोडली. चिव्हिंग्टन पाचशेच्या आतबाहेर माणसं घेऊन डोंगरमाथ्यावरून शत्रूच्या पिछाडीला, वाटाड्या न्यू मेक्सिकोचा लेफ्टनंट कर्नल मॅन्युएल चावेस. उरलेल्या साडेआठशेंनिशी स्लाऊ समोरून. शत्रू किती, कुठे, हे माहीत नसताना फौज फोडणं ही माझ्या मते शुद्ध चूक होती. टेक्सासवाल्यांचा अधिकारी स्करी हजाराहून जास्त माणसं घेऊन समोरून येत होता. पिजन्स रँचजवळ दुपारभर लढाई झाली, स्लाऊ एकामागून एक जागा सोडत कोझलोव्स्कीपर्यंत मागे आला. मैदान स्करीचं.

पण स्करीनेही एक केलं होतं. लढाईला मोकळं व्हावं म्हणून बुणगे जॉन्सन रँचवर ठेवले. थोडा पहारा, आजारी, गाडीवान आणि एक तोफ. चिव्हिंग्टन माथ्याच्या कडेला आला तेव्हा ते सगळं त्याच्या पायाखाली होतं. बराच वेळ नुसतं बघत बसले, कारण हे खरं की सापळा तेच कळेना. मग उतरले. तोफेच्या कान्यात मेख मारली आणि गाड्या एकमेकींवर ढकलून पेटवल्या. आकडा ६० पासून ८० पर्यंत सांगतात, ८० चिव्हिंग्टनच्या अहवालातला.

त्या गाड्यांत काय होतं? दारूगोळा, धान्य, घोंगड्या, औषधं. रात्री 'जिंकलेल्या' फौजेकडे अंगावरचे कपडे आणि खिशात उरलेली काडतुसं एवढंच होतं. मृतांना पुरण्यासाठी तह मागितला आणि सांता फेला परतले. तिथे त्यांच्या जखमींची शुश्रूषा आणि पांघरुणांची सोय केली ती शत्रूच्या सेनापतीच्या बायकोने, लुइसा कॅनबीने. एप्रिलमध्ये सांता फे सोडलं, १५ एप्रिलला पेराल्टाची चकमक, आणि मग टेक्सासची वाट.

रसद तुटलेल्या फौजेचं काय होतं हे पानिपत वाचलेल्यांना मी काय सांगणार.

कापूसकोंड्या

कमाल माहिती. एक उपप्रश्न: पाचशे खेचरं संगिनींनी मारली असं वाचलंय, ते खरं?

खिंडकरी

चिव्हिंग्टनच्या गोटातून आलेला आकडा आहे आणि वर्षं गेली तसा वाढत गेलाय. जनावरं गेली हे नक्की, काही मारली, काही उधळली. पण खेचर संगिनीने मारायला किती वेळ लागतो याचा विचार करा. पाचशे जनावरं, माणसं दमलेली, शत्रू कधीही परत येईल, आणि परतीची वाट तीच चढण. मी तो आकडा जमेला धरत नाही. गाड्या गेल्यावर खेचरं उरली काय नि गेली काय.

जुनी_पानं

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. घोळ आकड्यांचा आहे, आणि कागद शोधणारे हमखास इथे चुकतात.

पहिली पलटण पायदळ म्हणून उभी राहिली. स्लाऊने एप्रिल १८६२ मध्ये राजीनामा दिला, चिव्हिंग्टन कर्नल झाला, आणि नोव्हेंबर १८६२ मध्ये तिचं घोडदळ केलं. म्हणजे फर्स्ट इन्फन्ट्री आणि फर्स्ट कॅव्हलरी ही एकच माणसं, दोन नावांखाली.

दुसरं पायदळ वेगळं. ते १८६३ च्या जुलैमध्ये इंडियन टेरिटरीत (आजचं ओक्लाहोमा) केबिन क्रीक आणि हनी स्प्रिंग्जला लढलं, फर्स्ट कॅन्सस कलर्ड या कृष्णवर्णीय पलटणीच्या बरोबरीने. तिसरं पायदळ पुरतं भरलंच नाही. १८६३ च्या शरद ऋतूत दुसरं आणि तिसरं एकत्र करून सेकंड कॅव्हलरी बनवली, कर्नल जेम्स फोर्ड. हे रिसालेवाले पुढे मिझुरीत गनिमांच्या मागे आणि ऑक्टोबर १८६४ मध्ये वेस्टपोर्टला.

अशा रीतीने 'तिसरा' क्रमांक मोकळा झाला आणि ऑगस्ट १८६४ मध्ये तो नव्या घोडदळाला मिळाला. १८६२ च्या तिसऱ्या पायदळाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. हजेरीपट बघताना क्रमांकाआधी 'इन्फन्ट्री' की 'कॅव्हलरी' ते पाहा, मग मुदत: तीन वर्षं की १०० दिवस. नाव नोंदवल्याची तारीख आणि मस्टर-इनची तारीख कार्डावर दोन निरनिराळ्या रकान्यांत असतात, पेन्शनच्या दाव्यात दुसरीला महत्त्व. ही कार्डं युद्धानंतर कारकुनांनी मूळ पटांवरून उतरवलेली आहेत, त्यामुळे एकाच माणसाचं आडनाव तीन तऱ्हांनी मिळणं नेहमीचंच.

आता वाल्व्हर्दे. नाही, ती पहिली पलटण नव्हती. लढाई २१ फेब्रुवारी १८६२ ची, पलटण डेन्व्हरहून निघाली २२ ला. तिथे होती ती थिओडोर डॉडची स्वतंत्र कंपनी, फोर्ट गार्लंडहून आधीच दक्षिणेला पाठवलेली, जी पुढे दुसऱ्या पायदळात धरली गेली. पाचव्या टेक्सास रिसाल्याची लँगची भालाईत कंपनी त्यांच्यावर चालून गेली. डॉडच्या लोकांनी घाई केली नाही. अगदी जवळ येऊ दिलं आणि एकदम बार काढला, मग दुसरा. तेवढ्यावर भालाईत कंपनी संपली. वाचलेल्यांनी भाले टाकले आणि बंदुका घेतल्या.

आणि न्यू मेक्सिकोच्या स्वयंसेवकांना विसरू नका. वाल्व्हर्देला किट कार्सनची पहिली पलटण स्पॅनिश बोलणाऱ्यांची होती. हुकूम इंग्रजीत, कवायत इंग्रजीत, आणि पगार त्यांचाही थकलेला. स्वतःचा घोडा आणणाऱ्या स्वाराला दिवसाला ४० सेंट भाडं मिळायचं. घोडा मेला की ते बंद. कॅनबीने पराभवाचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडलं, जे मला सोयीचं वाटतं, खरं नाही.

रानवाट

शंभर दिवसांच्या तिसऱ्या घोडदळाबद्दल कुणी पुढे बोललं नाही, म्हणून लिहितो. 'टेरिटरीने उभी केलेली फौज' याची ती दुसरी बाजू आहे.

१८६४ च्या उन्हाळ्यात मैदानी रस्त्यांवर हल्ले झाले, डेन्व्हरला भीती पसरली. ऑगस्टमध्ये गव्हर्नर एव्हान्सने 'शत्रू' इंडियनांना मारायची नागरिकांना मोकळीक देणारा जाहीरनामा काढला आणि युद्ध खात्याकडून शंभर दिवसांची पलटण मंजूर करून घेतली. कर्नल जॉर्ज शूप. मुदतीचा हिशेब करा: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरती, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुटका. त्यातले कित्येक आठवडे घोडे आणि खोगिरांची वाट बघण्यात गेले. कवायत नाही, लढाई नाही. डेन्व्हरचे लोक त्यांना 'रक्त न सांडलेली तिसरी' म्हणून चिडवू लागले. शंभर दिवस संपत आले तेव्हा या पलटणीला दाखवायला काहीच नव्हतं.

दरम्यान २८ सप्टेंबरला कॅम्प वेल्डमध्येच ब्लॅक केटल आणि इतर शायान-अरापाहो जमातींच्या प्रमुखांशी बोलणं झालं होतं, आणि आपण लष्कराच्या आश्रयाला आहोत या समजुतीने त्यांनी सँड क्रीक ओढ्याकाठी मुक्काम टाकला होता. २८ नोव्हेंबरच्या रात्री चिव्हिंग्टन फोर्ट लायनहून निघाला. जवळपास ६७५ माणसं, बहुतेक तिसऱ्या घोडदळाची, बरोबर चार डोंगरी तोफा. चाळीस मैल रात्रीत. पहाटे वस्तीवर हल्ला केला. ब्लॅक केटलच्या तंबूवर अमेरिकेचा झेंडा आणि त्याखाली पांढरं निशाण होतं. दोनशेच्या वर माणसं मारली, बहुतांश बायका, मुलं, म्हातारे. चिव्हिंग्टनने चारपाचशे लढवय्ये मारल्याचं कळवलं.

पहिल्या घोडदळाच्या डी कंपनीचा कप्तान सायलस सूल आणि के कंपनीचा लेफ्टनंट जोसेफ क्रेमर यांनी आपल्या लोकांना गोळी झाडू दिली नाही. कर्नल तोच, फौजेचं नावही कोलोरॅडोचंच. पण सूल सप्टेंबरच्या बोलण्यात हजर होता, समोरची वस्ती कुणाची हे त्याला ठाऊक होतं. शंभर दिवसवाल्यांना ते ठाऊक नव्हतं आणि घरी जायची तारीख जवळ आली होती. मुदत हे एकमेव कारण नव्हे, पण ते वजा करून हा प्रसंग समजत नाही.

चौकशा झाल्या. लष्करी आयोगाचा अध्यक्ष सॅम्युएल टॅपन, म्हणजे वर खिंडकरींनी सांगितलेला पहिल्या पलटणीचाच लेफ्टनंट कर्नल. शिक्षा कुणालाच नाही. चिव्हिंग्टनची मुदत सप्टेंबरातच संपलेली होती, जानेवारी १८६५ मध्ये त्याला मस्टर-आउट केलं, आणि सेवेबाहेरच्या माणसावर लष्करी खटला चालत नाही. सूलने साक्ष दिली. २३ एप्रिल १८६५ ला डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याला गोळी घालून मारलं. एव्हान्सला त्या उन्हाळ्यात राजीनामा द्यावा लागला. १८६४ चे ते जाहीरनामे कोलोरॅडोने अधिकृतपणे रद्द केले ते २०२१ मध्ये.

कापूसकोंड्या

सगळ्यांचे आभार. डेन्व्हरच्या कॅपिटॉलसमोरच्या शिपायाच्या पुतळ्याचं काय? त्याच्या चौथऱ्यावरच्या लढायांच्या यादीत सँड क्रीकही होतं म्हणतात.

जुनी_पानं

होतं. पुतळा १९०९ चा, घडवणारा जॅक हाउलँड स्वतः पहिल्या पलटणीतला. यादीत ग्लोरिएटा, वाल्व्हर्दे यांच्या रांगेत सँड क्रीकही लढाई म्हणून कोरलं. २००२ मध्ये जवळ वेगळी पाटी लावून ती लढाई नव्हती असं लिहिलं. जून २०२० मध्ये जमावाने पुतळा पाडला. यादीचा चौथरा जागेवर राहिला.